फरशी मागितली, यंत्र आलं

हवेली गवत संघाच्या ऑगस्टच्या बैठकीत जयवंत राऊळने आपला कागद टेबलावर ठेवला. चेअरमन नारायणराव ठोसरांनी तो उचलला आणि मोठ्याने वाचायला घेतला. वाचताना ते हसत होते.

"साकरतोड नदीच्या उतारावर दगडी फरशी. नदीपलीकडे गवतासाठी पत्र्याची शेड. आणि गासड्या बांधायचे आपले दोन्ही हातदाब उचलून तिकडे बसवायचे. झालं?"

"झालं," जयवंत म्हणाला.

"अरे, सहासष्ट साल चालू आहे. सरकार यंत्रासाठी अनुदान द्यायला निघालंय आणि तू दगड मागतोस?"

बाकीचे संचालक हसले.

तो संघाच्या सिल्वासातल्या वखारीचा सुपरवायझर होता. मूळचा पालघरकडचा. सतराव्या वर्षी तिथल्या एका गवताच्या व्यापाऱ्याकडे लागला, तेव्हापासून गवतातच वाढला. मूठभर गवत पिळून, नाकाशी धरून ते किती दिवसांपूर्वी कापलंय हे तो सांगू शकत असे. संघाचं काम त्याच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. खानवेलच्या पलीकडच्या माळांवरचं गवत कापायचं, वाळवायचं, दाबून गासड्या बांधायच्या, वापी स्टेशनवर नेऊन मुंबईच्या तबेल्यांसाठी वॅगनमध्ये भरायच्या. एवढ्यासाठीच तीनशे सभासदांनी संघ काढला होता. त्यातले बहुतेक वारली, कापणी करणारे.

पण दरवर्षी निम्मं गवत नदीपलीकडेच राहायचं. मोकळं गवत गाडीत भरलं की गाडी दिसायची डोंगराएवढी आणि गवत भरायचं थोडंसं. नदीच्या उतारावर जानेवारीपर्यंत गुडघाभर चिखल. गाडी रुतली की कलंडायची, गवत पाण्यात. मग उरलेलं माळावर उघड्यावर पडून काळं पडायचं. गासड्या तिकडेच बांधल्या आणि उतारावर दगड बसवले, तर एका गाडीत तिप्पट माल यायचा. जयवंतने हे दोन हंगाम मोजून काढलं होतं.

बैठकीला मुंबईहून यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूसही आला होता. त्याने गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रं सगळ्यांपुढे पसरली. डिझेलवर चालणारं दाबयंत्र. तासाला चाळीस गासड्या.

"एक विचारू?" जयवंत म्हणाला. "आमच्या वखारीत दिवसभरात फार तर ऐंशी गासड्यांचं गवत येतं. तुमचं यंत्र ते दोन तासांत संपवणार. मग उरलेला दिवस त्याने काय करायचं?"

विक्रेत्याने नारायणरावांकडे पाहिलं.

"गवत वाढवायचं!" नारायणराव म्हणाले. "यंत्र आलं की माल आपोआप येतो."

"नदीवरून उडत?"

"जयवंत, तू पगारी माणूस आहेस. विचारलं तेवढं बोल."

टेबलाच्या टोकाला वागळेसाहेब बसले होते. अनुदानाचे प्रस्ताव तपासायला मुंबईहून आलेले अधिकारी, चाळिशीचे, शांत. त्यांनी जयवंतचा कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण हे अनुदान यंत्रसामग्री या सदराखाली आहे. फरशी त्या सदरात बसत नाही. यंत्र घेतलं नाही तर पैसे परत जातील."

"मग जाऊ देत की!"

कोणीच हसलं नाही. ठराव एकमताने पास झाला.

ऑक्टोबरात यंत्र आलं. त्याच्यासाठी वखारीत नवी शेड उभारली, सिमेंटचा कोबा घातला. नदीपलीकडच्या गवतासाठी मागितलेले पत्रे इथे यंत्राच्या डोक्यावर चढले. दोन्ही हातदाब वापीच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकले. त्या दाबांवर गेली पाच वर्षं खानवेलच्या बारा बाया काम करत होत्या. त्यांची मुकादम लखमी, चाळिशी ओलांडलेली, काटक. दाबाच्या दांड्यावर सगळ्यांच्या पुढे तिचेच हात असायचे.

नारायणरावांनी तिला वखारीच्या दारातच सांगितलं, "आता तुमची गरज नाही, बाई. कापणीला जा."

लखमी जयवंतकडे आली. "भाऊ, आमी सभासद हाव ना संघाचे? आमाला कोन विचारलं?"

संघाच्या सभा सिल्वासात भरायच्या, मंगळवारी, भर कामाच्या दिवशी. खानवेलहून कोणी येत नसे. ठरावाच्या वहीवर अंगठे मात्र घेतले जायचे. शिपाई वही घेऊन पाड्यापाड्यांतून फिरायचा आणि "इथे लाव" म्हणायचा. हे जयवंतला ठाऊक होतं, इतकी वर्षं ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःचाही राग आला.

पुढे व्हायचं तेच झालं. पहिले तीन आठवडे यंत्र दिवसातून दोन तास चालायचं आणि गप्प बसायचं. नदीपलीकडून गाड्या येईनात. नोव्हेंबर उजाडला. वागळेसाहेबांचं पत्र आलं: वीस तारखेला यंत्राची पाहणी, सोबत दोन पाहुणे.

पत्र मिळाल्याबरोबर नारायणराव वखारीत आले. "शेड रिकामी दिसता कामा नये. सिल्वासाच्या आसपासचं गवत कापा, ट्रकने आणा, दाबा. दोनशे गासड्यांची थप्पी लागली पाहिजे."

"ते गवत अजून उभं आहे, साहेब. कापल्यावर आठ दिवस ऊन खाल्ल्याशिवाय दाबता येत नाही."

"आठ दिवस थांबलो तर वीस तारीख जाईल."

"ओलं गवत इतकं घट्ट दाबलं तर आतून तापतं. पालघरला अशा एका गंजीने पेट घेतलेला मी पाहिलाय. वखार जाईल."

"तुझ्या त्या लाकडी दाबांची गोष्ट वेगळी. हे यंत्र आहे."

"यंत्राला काय कळतं गवत ओलं का सुकं?"

नारायणरावांनी मग त्याच्याशी बोलणंच सोडलं. इंजिन चालवणाऱ्याला थेट हुकूम दिला. चार दिवस ट्रक येत राहिले. गासड्या दिसायला फार सुंदर होत्या. चौकोनी, कडक, तारेने बांधलेल्या. आणि जड. हातदाबाची गासडी एक मणाची, दोघी बाया उचलायच्या. ही तीन मणांची. उचलायला माणसं पुरेनात म्हणून लखमीच्या बायांना पुन्हा बोलावलं, नुसत्या हमालीला.

लखमीने पहिल्याच गासडीला नाक लावलं. "भाऊ, ह्यो चारा अजून जिता हाय."

"मला माहीत आहे."

"मग तू काय करतंस?"

तो काहीच करत नव्हता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने चपला दाराशी भिरकावल्या. बायको शैलजा सिल्वासाच्या शाळेत शिक्षिका होती; ती वह्या तपासत बसली होती.

"अहो, काय झालं?"

"काय व्हायचं? दोनशे गासड्या सडवतायत. साहेबाला दाखवायला. आणि मी उभा राहून मोजतोय!"

"मग मोजू नका."

"नोकरी आहे माझी ती."

शैलजाने पेन खाली ठेवलं. "माझाही पगार आहे घरात. तुम्ही दोन महिने रोज असे येता. जेवताना बोलत नाही, माझ्यावर खेकसता. माझ्यावर कशाला? ज्याच्यावर ओरडायचंय त्याच्यावर ओरडा."

जयवंतने जाऊन चपला सरळ करून ठेवल्या.

वीस तारखेच्या सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा थप्पीतल्या पहिल्या गासड्या बांधून आठ दिवस झाले होते. आत शिरताच त्याला वास आला; भाजक्या तंबाखूसारखा, गोडसर. त्याने दोन गासड्यांच्या फटीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत तव्यासारखं तापलं होतं.

तो ऑफिसात धावला. नारायणराव हार आणि नारळ मोजून घेत होते.

"थप्पी आत्ताच्या आत्ता फोडायला हवी. आतून पेटायच्या बेतात आहे."

"साहेब अकराला येतायत. त्यानंतर काय ते कर."

"अकरापर्यंत शेड राहील याची खात्री काय? बाजूला डिझेलची पिंपं आहेत. बाया काम करतायत तिथे!"

"जयवंत, आज एक शब्द बोललास तर उद्या येऊ नकोस."

जयवंत परत शेडमध्ये आला. भिंतीवर तार कापायची मोठी पक्कड लटकवलेली होती, ती त्याने काढली. लखमीला म्हणाला, "आधी पिंपं लांब न्या. मग गासड्या अंगणात ढकलायला लागा. उचलू नका, लोटा."

मग लखमीने पदर खोचला.

पहिली तार तुटली तशी ती सापासारखी उसळली आणि जयवंतच्या गालावर आडवी बसली. रक्त आलं. त्याने पुसलंही नाही. दुसरी तोडली, तिसरी तोडली. गासड्या फुटत गेल्या तशी आतून वाफ उठायला लागली. बाहेरून हिरवी-पिवळी दिसणारी गासडी पोटात तपकिरी, मधोमध काळी. चौदावी फोडली तेव्हा वाफेच्या जागी धूर निघाला. बाया घागरी घेऊन धावल्या. पाणी पडताच चर्रकन आवाज झाला.

तेवढ्यात वागळेसाहेबांची जीप आत आली.

नारायणराव हार हातात धरून धावत आले. "हा माणूस वेडा झालाय, साहेब! संघाच्या मालाची नासधूस करतोय."

"नासधूस?" जयवंतचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचे लोक फाटकाशी जमले. "या, हात घाला यात. घाला ना! तुमच्या यंत्राने बांधलेला माल आहे. तबेल्यातली म्हैस याला तोंड लावणार नाही. वॅगनमध्ये भरला असता तर वॅगन जळली असती. गवत नदीपलीकडे पडलंय आणि यंत्र इथे बसवलंय. ते चालवायला गवत नाही, म्हणून कच्चं गवत कापून आणलं. गवतासाठी यंत्र आणलं की यंत्रासाठी गवत?"

पाहुणे मागे सरकले. वागळेसाहेबांनी रुमाल नाकाशी धरला आणि खरोखरच एका गासडीत हात घातला. बाहेर काढून बोटांकडे पाहिलं.

तासाभराने त्यांनी जयवंतला ऑफिसात बोलावलं. नारायणराव बाजूला बसले होते. टेबलावर एक छापील कागद होता. यंत्र बसवले असून समाधानकारक रीतीने चालू आहे, अशी एक ओळ आणि खाली वखार सुपरवायझरच्या सहीची जागा.

"हे बघा राऊळ," वागळेसाहेब हळू आवाजात म्हणाले, "आज झालं ते झालं. मी गासड्यांबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही सही करा. सही झाली नाही तर अनुदानाचा दुसरा हप्ता येणार नाही आणि यंत्राची बाकी संघाच्या अंगावर पडेल. यंत्र चालू आहे, हे तर खरं ना?"

"चालू आहे."

"मग?"

"समाधानकारक कोणाच्या दृष्टीने, ते लिहिलं नाही यात."

"राऊळ, मीही नोकरीच करतो."

"तुम्ही ऑगस्टातच म्हणालात, माझं म्हणणं चुकीचं नाही. तरी मान्यता दिलीत. नारायणरावांना काही कळत नाही, सोडून द्या. तुम्हाला कळत होतं."

वागळेसाहेबांचा चेहरा उतरला. जयवंतने पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं: यंत्र चालू आहे. संघाच्या उपयोगाचे नाही. कारण माल नदीपलीकडे आहे. खाली नाव, तारीख.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. कारण दिलं होतं, संघाच्या मालाचं हेतुपुरस्सर नुकसान.

तो पत्र मुठीत चुरगाळत घरी आला. शैलजाने ते सोडवून घेतलं, सरळ केलं, वाचलं. रविवारी संघाच्या नियमांचं पुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचून काढलं. नवऱ्याने ते दहा वर्षांत उघडलं नव्हतं.

"अहो, हे बघा. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं, तर खास सभा घ्यावीच लागते. जागाही सभासदांनी सुचवायची."

"सभासद लिहिणार कसे?"

"लिहीन मी. अंगठे त्यांचे. पण या वेळी आधी वाचून दाखवायचं आणि मग अंगठा."

पुढचे दोन रविवार ती लखमीबरोबर पाड्यापाड्यांतून फिरली. प्रत्येक अंगणात अर्ज वाचून दाखवला. काहींनी दोनदा वाचायला लावला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "याआधी आमी अंगठं लावलं, त्याच्यात काय व्हतं?" शैलजाने जयवंतकडून ऐकलेले जुने ठराव आठवतील तेवढे सांगितले. साठ अंगठे पुरले असते. एकशे नव्वद मिळाले.

सभा डिसेंबरात भरली, खानवेलला, बाजाराच्या दिवशी, चिंचेखाली. नारायणराव नाइलाजाने आले. पांढरे कपडे, खुर्ची बरोबर आणलेली. समोर दोनशेहून जास्त सभासद जमिनीवर. जयवंत सभासद नव्हता, त्याला बोलायचा हक्क नव्हता. तो मागे झाडाला टेकून उभा राहिला.

नारायणरावांनी प्रगतीबद्दल भाषण केलं. देश पुढे चालला आहे, आपण मागे राहायचं का, यंत्राला विरोध म्हणजे अडाणीपणा. पंधरा मिनिटं झाली. लखमी उभी राहिली.

"यंत्र नको असं आमी नाय म्हनत," ती म्हणाली. "आना की. नदीपल्याड आना. चारा तिथं हाय."

"ते कसं आणणार? सहा टनांचं आहे. नदीत रुतेल."

"आमच्या गाड्या बी रुततात. पाच वर्सं सांगतो."

सभेत हशा उठला. मग हशाचं रूपांतर आरडाओरडीत झालं. माणसं उभी राहिली. कोणी तरी ओरडलं, तो पत्रा कोणाच्या डोक्यावर घातला? दुसरा ओरडला, आमच्या बायांना काढलं कोणी? नारायणराव खुर्चीवरून उठले आणि बसायला पुन्हा खुर्ची उरली नाही. ती गर्दीत कुठे तरी मागे गेली.

ठराव झाले. हातदाब भाड्याने का होईना, परत आणायचे. गासड्या नदीपलीकडेच बांधायच्या. हंगामभर सिल्वासाच्या यंत्राला गवत द्यायचं नाही. जयवंतला परत घ्यायचा ठरावही लखमीने मांडला, पण नारायणरावांनी नियमावर बोट ठेवलं. नोकरांची नेमणूक संचालक मंडळाच्या अखत्यारीत, आणि मंडळाची मुदत अजून दीड वर्षं. त्यावर काही करता आलं नाही.

म्हणून जयवंत रोजंदारीवर नदीपलीकडे गेला, दाबावरच्या बायांबरोबर. पगाराच्या तिसऱ्या हिश्शात. फरशीला पैसा नव्हताच. शंभर माणसं चार दिवस राबली, डोंगराकडचे सपाट दगड वाहून आणून उतारावर एकाला एक लावले. फरशी ओबडधोबड होती, पण गाडीचं चाक बुडत नव्हतं. जानेवारीपासून एका मणाच्या गासड्या रोज वापीकडे जायला लागल्या. त्या वर्षी माळावर गवत काळं पडलं नाही. जोगेश्वरीच्या एका तबेलेवाल्याने माणूस पाठवून पुढच्या हंगामाचीही मागणी नोंदवली.

लोक जयवंतला म्हणायचे, जिंकलास की. पण रस्त्याने जाताना वखारीतली ती कोबा घातलेली शेड दिसली की त्याचे जबडे आवळले जायचे. अनुदानाचा दुसरा हप्ता आला नाही; यंत्राची बाकी संघच फेडत होता. म्हणजे लखमीच फेडत होती.

मे महिन्यात वार्षिक सभेचा अहवाल छापून आला. शैलजाने तो वाचला आणि न बोलता जयवंतपुढे ठेवला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, आधुनिक यंत्रसामग्रीमुळे संघाच्या मालाच्या रवानगीत यंदा भरघोस वाढ झाली.

जयवंतने ती ओळ दोनदा वाचली. मग तसाच उठला, दुपारच्या बसने खानवेलला गेला आणि ती लखमीला वाचून दाखवली.

वार्षिक सभा सिल्वासात होती, मंगळवारी. त्या मंगळवारी खानवेलकडून येणाऱ्या सगळ्या बसगाड्या भरून आल्या. उरलेले चालत आले. नारायणरावांनी अहवाल मंजुरीला ठेवला तेव्हा लखमी म्हणाली, "तिसरं पान वाचा."

त्यांनी वाचलं.

"ती ओळ खोडा."

"बाई, अहवाल छापून झालाय."

"खोडा."

"हा शब्दांचा खेळ आहे. माल वाढला, हे महत्त्वाचं."

"माल आमच्या हातांनी वाढला," लखमी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दगड आमी वाहिले. तुमचं यंत्र एक गवताची काडी नाय दाबत. उद्या ही ओळ वाचून सरकार दुसरं यंत्र देल. तुमी घेशीला. फेडू आमी. खोडा."

नारायणरावांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. कोणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा जाहीर केलं. पंखा नसलेल्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं घामाने निथळत बसून राहिली. जयवंत दारात उभा होता. अर्धा तास गेला, मग तास. बाहेरून एक पोलीस डोकावून गेला. कोणी दंगा करत नव्हतं, त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

अखेर नारायणरावांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या प्रतीवर ती ओळ खोडली.

"सगळ्या प्रतींवर," लखमी म्हणाली.

शिपायाने अहवालांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. नारायणराव एकेक प्रत उघडून ओळ खोडत गेले, आणि सभासद बसून बघत राहिले.